समुद्राला फेस येईना

मी रेझिनचे ट्रे करतो; रेझिन म्हणजे ओतलं की घट्ट होणारं, काचेसारखं प्लॅस्टिक. त्याच्या रंगांच्या सेटमध्ये बारा बाटल्या असतात आणि त्यांतली पांढरी सगळ्यांत आधी मरते. जांभळीला काहीही होत नाही. जांभळी बहुधा माझ्या पश्चात मुलांच्या वाट्याला येणार. पण पुण्यात ज्याला त्याला ट्रेवर समुद्र हवा असतो, आणि समुद्र म्हणजे पांढरा फेस, हीटगनने जाळीदार पसरवलेला. फेस नसला की गिऱ्हाईक विचारतं, "हे खडकवासला आहे का?"

तर पांढरी वाळली. ती घेऊन रविवार पेठेत गेलो.

"सुटी येत नाही. सेट घ्या," दुकानदार मोबाइलवरून नजर न काढता म्हणाला. म्हणजे आणखी एक जांभळी.

शेजारी एक काका सोसायटीच्या नोटीस बोर्डासाठी टाचण्या घेत होते. टाचण्या घेऊन, सुटे पैसे मोजून झाले होते. जायला काही हरकत नव्हती.

"बघू," म्हणत त्यांनी बाटली माझ्या हातातून घेतलीच. "मिसेसचा छंद वाटतं?"

"नाही, माझाच. म्हणजे छंद नाही, व्यवसाय आहे."

"बरं, बरं. आणि नोकरी?"

मी उत्तर जुळवेपर्यंत त्यांनी झाकण उघडून वास घेतला. "सोप्पं आहे. पाणी घाला."

"पाणी नाही चालत काका. इपॉक्सी रेझिनचा रंग आहे."

"पाणी चालत नाही असा रंग नसतो. आमचा अख्खा ब्लॉक मी स्वतः रंगवलाय."

"अहो, तो डिस्टेंपर..."

"रंग तो रंग."

आता दुकानदारालाही रस आला. "टर्पेंटाइन घालून बघा." मागून कुणीतरी रॉकेल सुचवलं. काकांनी दोघांनाही हातानेच गप्प केलं, स्कूटरच्या किल्लीने आतला गोळा उकरला, काउंटरवरची दुकानदाराची पाण्याची बाटली उचलली आणि माझं "अहो, अहो" पूर्ण व्हायच्या आत चांगली धार सोडली.

"हं. आता हलवा."

संपलं! पाणी शिरलेला रंग इपॉक्सीत घातला की ओतकाम दुधाळ होतं, बुडबुडे धरतं, कधी कधी नीट वाळतच नाही. एरवी ती बाटली वाचली असती हो. झाकण घट्ट लावून दहा-पंधरा मिनिटं गरम पाण्यात उभी करायची. मग मूळ रेझिनचे, म्हणजे 'ए' बाटलीतले, थेंब-थेंब घालत काडीने घोटायचं. हार्डनर, म्हणजे रेझिनला घट्ट करणारं दुसरं द्रावण, चुकूनही नाही, नाहीतर रंगाचा बाटलीतच दगड होतो. गुठळ्या राहिल्याच तर काचेवर पॅलेट नाइफने रगडायच्या. पांढऱ्यात टायटॅनियम डायऑक्साइड असतं, घनता चारच्या वर, आणि रेझिनची जेमतेम एकच्या वर. म्हणून ते तळाशी जाऊन बसतं आणि वर नुसतं तेलकट पाणी दिसतं. त्यालाच लोक "रंग खराब झाला" म्हणतात आणि फेकून देतात. हे सगळं मला माहीत होतं. सांगायला सवड मिळाली नाही.

आणि हेच लोक मग म्हणतात, "एवढ्याशा ट्रेला नऊशे? माझी भाची घरी करते." करू दे की! भाचीला मास्क घेऊन द्या, पावसाळ्यातल्या दमट हवेत चिकट राहिलेला ट्रे पुन्हा घासायला लावा आणि मग भाचीला विचारा नऊशे परवडतात का. वरमाळा रेझिनमध्ये जपून ठेवायच्या म्हणून आणतात त्या तर लग्नानंतर आठवडाभराने, प्लॅस्टिकच्या पिशवीत कुजवून. त्यातही घासाघीस. हॉलवाल्याशी कधी केली होती?

सेट घेतला. पर्याय काय होता?

काका अजून उभेच होते. "कोस्टर करता का? नातवाची मुंज आहे. द्यायला पन्नास लागतील." मी भाव सांगितला. काकांनी बाटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"त्यात पांढरा नका घालू. मग कितीला पडेल?"