फोर-स्ट्रोकचा तो मेसेज आबाकाकांपर्यंत पोचला म्हणून लिहावं लागतंय

काल रात्री साडेनऊला आबाकाका फोन हातात घेऊनच आले. "रे, ह्यां वाच. मिया आता लाँग शाफ्टच सांगतंय." बघितलं तर तोच मेसेज, जो गेले दोन आठवडे मालवणजवळच्या देवबाग-तारकर्लीच्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. 'फोर-स्ट्रोक इंजिन घेणाऱ्या होडीवाल्यांनो सावधान, चाळीस वर्षं अनुभव असलेल्या मेकॅनिकचे सात सल्ले.' मी तो आधी दोनदा बघून सोडून दिला होता. पण काकांनी इंजिनासाठी दोन वर्षं पैसे जमवलेत, अठरा फुटी फायबरची होडी आहे, जुनं टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारं इंजिन, गेल्या सीझनमध्ये दोनदा खाडीच्या तोंडाशी बंद पडलं, आणि शनिवारी ते बुकिंगला जाणार आहेत. आता सोडून देऊन चालणार नाही.

ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी ते सात सल्ले थोडक्यात सांगतो. एक, फोर-स्ट्रोक तळ्यांसाठी बनवलेलं, खाऱ्या पाण्यात दोन वर्षांत संपतं. दोन, टू-स्ट्रोकला पेट्रोल कमी लागतं. तीन, समुद्र खोल असतो म्हणून लाँग शाफ्टच, म्हणजे लांब पायाचंच इंजिन घ्या. चार, समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्याने इंजिन धुवू नका, ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य धातूचा ठोकळा, तडकतो. पाच, नवीन इंजिनाचं ऑइल वर्षभर बदलू नका, आणि बदलाल तेव्हा बाइकचं घाला. सहा, वजनामुळे होडी मागे बसते. सात, बिघडलं तर गावात कोणाला जमत नाही.

चौथा आधी घेतो कारण सगळ्यात घातक तोच आहे आणि सगळ्यात बिनडोकही तोच आहे. म्हणे गरम ब्लॉकला थंड पाणी लागलं की तडकतो. अहो, इंजिन चालू असताना त्या ब्लॉकमधून काय फिरत असतं? समुद्राचंच पाणी ना! आउटबोर्डला, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून अडकवतो त्या इंजिनाला, गाडीसारखा रेडिएटर नसतो. खाली पायात रबराचा इम्पेलर असतो, तो फिरला की पाणी वर खेचतो, ब्लॉकभोवती फिरवून बाहेर टाकतो, त्यातलीच थोडी धार मागून पडते जी बघून आपण 'पाणी मारता' म्हणतो. म्हणजे सकाळी चारला निघून आठला परत येईपर्यंत त्या गरम ब्लॉकला गार पाणी लागतच होतं. चार तास समुद्राच्या पाण्याने तडकला नाही आणि विहिरीच्या पाण्याने तडकेल?

उलट न धुतल्याने काय होतं ते मी गेल्या मे महिन्यात माझ्या हाताने उघडून बघितलंय. मेव्हण्याचं इंजिन, तीन सीझन झालेलं. दहा मिनिटं चाललं की गरम होऊन अलार्म वाजायचा. थर्मोस्टॅटचं, म्हणजे गार पाण्याची वाट उघड-बंद करणाऱ्या झडपेचं, झाकण काढायला गेलो तर दोन बोल्टच्या मुंड्याच पान्यात तुटून आल्या, बाकीचे तेल मारून मारून सोडवले. झाकण निघालं तर आत थर्मोस्टॅट दिसेचना. सगळीकडे करडा-पांढरा थर, स्क्रूड्रायव्हरने खरवडला तर खडीसाखरेसारखे खडे टपाटप खाली पडले. मीठ. इंजिन बंद केल्यावर आत राहिलेलं खारं पाणी गरम ब्लॉकमध्ये सुकतं आणि मीठ तिथेच राहतं, दुसऱ्या दिवशी त्यावर दुसरा थर, असं तीन वर्षं. पाण्याची वाट बंद झाली, थर्मोस्टॅट अडकला आणि इंजिन स्वतःच्याच उष्णतेने मरायला लागलं. मेव्हण्याला विचारलं तर म्हणाला, रोज समुद्रात जातो, रोज कोण धुणार. त्याने तरी आळसाने नाही धुतलं, आता या मेसेजमुळे लोक मुद्दाम धुणार नाहीत!

धुवायची पद्धत साधी आहे. दोनशे लिटरचं पिंप अर्धं कापायचं, त्यात गोडं पाणी, इंजिनाचा पाय पाणी खेचायच्या जाळ्या पूर्ण बुडतील इतका आत, न्यूट्रलमध्ये हळू दहा मिनिटं चालवायचं. काही इंजिनांना पाइप लावायची सोय असते, तिथे मॅन्युअलमध्ये लिहिलंय तसं करा. फक्त पाण्याबाहेर कोरडं कधीच चालू करू नका, इम्पेलर बघता बघता जळतो.

आता तिसरा, कारण काका यावरच अडकलेत. शाफ्टची लांबी समुद्राच्या खोलीवर ठरत नाही हो, होडीच्या मागच्या फळीच्या उंचीवर ठरते, ज्या फळीवर इंजिन अडकवतो त्या. पंखा होडीच्या तळाखाली थोडाच खाली फिरणार, खाली समुद्र दहा वाव असो की शंभर वाव, त्याला काय फरक पडतो? शॉर्ट शाफ्ट साधारण १५ इंच फळीसाठी, लाँग २० इंचासाठी. टेप घ्या, फळीच्या मधोमध वरच्या कडेपासून होडीच्या तळापर्यंत मोजा, झालं. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते ती तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली यायला पाहिजे. कमी उंचीच्या फळीला लाँग लावलं तर पाय नको इतका खाली जातो, पाणी अडवतो, पेट्रोल खातो, आणि कर्ली नदीच्या संगमावर ओहोटीला वाळूत घासतो. उंच फळीला शॉर्ट लावलं तर लाटेवर पंखा हवा खातो, इंजिन किंचाळतं आणि होडी जागची हलत नाही. एकदा विकत घेतलं की हे बदलायला पुन्हा खिशात हात घालावा लागतो, म्हणून मोजल्याशिवाय बुकिंग करू नका.

पाचवा सल्ला ज्याने लिहिला त्याने आयुष्यभर टू-स्ट्रोकच उघडलं असणार. टू-स्ट्रोकला वेगळं ऑइल बदलायचं नसतंच, ते पेट्रोलमध्ये मिसळून जळून जातं. फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल खाली साठवलेलं असतं आणि तेच पुन्हा पुन्हा फिरतं. नव्या इंजिनाचे भाग एकमेकांवर घासून बसत असतात, त्यांची कीस या ऑइलमध्येच येते. माझ्या नव्या इंजिनाचं पहिलं ऑइल मी पांढऱ्या बरणीत काढलं होतं, उन्हात धरल्यावर त्यात बारीक चमकी तरंगताना दिसत होती. ती चमकी वर्षभर बेअरिंगमध्ये फिरवायची? मॅन्युअलमध्ये पहिला बदल २० तासांवर आणि नंतर दर १०० तासांनी लिहिलेला असतो. काका रोज चार तास चालवतात, म्हणजे १०० तास पंचवीस दिवसांत होतात. हा खर्च आहे, मी लपवत नाही, काकांनासुद्धा हिशोब करूनच सांगितलं. दर वेळेला साधारण लिटरभर ऑइल. आणि बाइकचं नको. एफसी-डब्ल्यू लिहिलेलं बोटीचं फोर-स्ट्रोक ऑइल वेगळं असतं, त्यात गंज रोखायची सोय असते. बाइक सिग्नलला थांबते, गियर बदलते, आउटबोर्ड तासन्‌तास एकाच जोरावर चालतं, तेही मिठाच्या हवेत.

दुसऱ्याचं उत्तर कागदावर आहे. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने, ईपीएने, १९९६ मध्ये बोटींच्या पेट्रोल इंजिनांसाठी नियम केले, आणि त्यामागचं मोठं कारण हेच की जुन्या पद्धतीच्या कार्ब्युरेटरवाल्या टू-स्ट्रोकमध्ये २५ ते ३० टक्के पेट्रोल न जळताच बाहेर जातं. नवं पेट्रोल आत येतं तेव्हा धूर जायचं दारही उघडंच असतं, मग त्यातलं थोडं सरळ बाहेर. दहा लिटर भरलं तर अडीच-तीन लिटर पाण्यात! वर ५०:१ ने मिसळलं तरी दर दहा लिटरला २०० मिली टू-टी ऑइल वेगळं. सकाळी जेटीजवळ पाण्यावर जो रंगीत तवंग पसरलेला दिसतो तो आपलाच पैसा आहे, आणि त्याच खाडीतल्या शिंपल्या-तिसऱ्या आणि कालवं आपण खातो. अमेरिकेतल्या लेक टाहो तलावावर १९९९ पासून असल्या इंजिनांना बंदीच आहे. टू-स्ट्रोक हलकं आहे, उचल जोरात घेतं, हे मान्य. पण पेट्रोल कमी लागतं असं म्हणू नका.

पहिल्याबद्दल फार लिहीत नाही. दोन्ही इंजिनांचा पाय ॲल्युमिनियमचाच, दोन्ही त्याच खाऱ्या पाण्यावर गार होतात, मग एकालाच मीठ कसं चावेल? होंडाने १९६४ मध्ये फोर-स्ट्रोक आउटबोर्ड आणलं, तेही चारी बाजूंनी समुद्र असलेल्या देशात. खाऱ्या पाण्यासाठी अॅनोड असतो, तो धातूचा तुकडा स्वतः झिजून बाकीच्याला वाचवतो. त्यावर रंग मारू नका, अर्धा झिजला की बदला. माझं इंजिन २०१८ च्या नारळी पौर्णिमेपासून पाण्यात आहे आणि अजून पहिल्या-दुसऱ्या खेचीत चालू होतं.

सहावा अर्धा खरा आहे, मानायला जिवावर येतंय पण आहे. त्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक काही किलो जड असतंच, ९.९ एचपीचं इंजिन चाळीस किलोच्या आसपास जातं, आणि जून-जुलैच्या मासेमारी बंदीत ते खांद्यावरून वाळूतून शेडमध्ये न्यायचं म्हणजे दोन माणसं लागतात. होडी मागे बसते तर पेट्रोलची टाकी आणि बर्फाची पेटी पुढे सरकवा. 'अजून थोडी ताकद असूद्या' म्हणून २५ एचपी मात्र अठरा फुटी हलक्या होडीला अडकवू नका, मागून लाट आत येते. आणि आडवं ठेवताना इंजिनावर जी बाजू दाखवलेली असते तीच खाली. टू-स्ट्रोक कसंही टाकलं तरी चालायचं, हे उलटं टाकलं तर ऑइल सिलिंडरमध्ये शिरतं.

सातवाही थोडा खरा. टू-स्ट्रोक वाडीतला कोणीही पोरगा प्लग साफ करून चालू करून देतो, फोर-स्ट्रोकला, त्यातही इंजेक्शनवाल्याला, जाणकार माणूस लागतो. म्हणून काकांना मी सांगितलं, ब्रँडवर वाद घालू नका, आधी विचारा की मालवणात किंवा कुडाळात त्याचा इम्पेलर, फिल्टर आणि माणूस मिळतो का. जे मिळत असेल ते घ्या.

आणि ज्याची खरंच भीती बाळगायची ते या सात सल्ल्यांत कुठेच नाही. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आउटबोर्डच्या मॅन्युअलमध्ये १० टक्क्यांपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात टाकीत ठेवलेलं पेट्रोल तळाशी पाणी सोडतं. टू-स्ट्रोक असो की फोर, दोघांनाही तेच. पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा, लागेल तेवढंच भरा, ३१ मेला टाकी आणि कार्ब्युरेटर दोन्ही रिकामे करून ठेवा.

आज सकाळी टेप घेऊन काकांच्या होडीकडे गेलो. ती वाळूवर तिरकी होती, काकांनी एका हाताने फळी धरली आणि मी मोजलं, दोनदा. साडेपंधरा इंच. शॉर्ट शाफ्ट. काकांनी तिथल्या तिथे दुकानात फोन लावला.