लगतची जमीन म्हणजे नेमकी कोणती?

कोल्हापुरातल्या राजारामपुरीतल्या आमच्या घरापासून गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दत्ताच्या देवळापर्यंत चालत जायला तीन मिनिटे पुरतात. ७८ वर्षांच्या माझ्या आईला हल्ली वीस मिनिटे लागतात, आणि त्याला तिच्या गुडघ्यांपेक्षा वाटेतले अकरा रॅम्प अधिक कारणीभूत आहेत. ज्या नव्या इमारतींचे हे रॅम्प आहेत, त्यांतल्या प्रत्येकीने आपले पार्किंग रस्त्यापासून दोन-अडीच फूट उचलून घेतले आहे, आणि तेथवर गाडी चढावी म्हणून काँक्रीटची एक जीभ कंपाउंडच्या बाहेर, गटार ओलांडून, थेट डांबरापर्यंत काढली आहे. पदपथ नावाची वस्तू आमच्या गल्लीत कधी नव्हतीच. गटारावरच्या शहाबादी फरशांवरून माणसे चालत, तेवढाच काय तो पायी जाणाऱ्याचा मुलूख होता, आणि आता तोही गेला. काठी टेकत जाणाऱ्या बाईने एका रॅम्पच्या कडेवर चढायचे, आडव्या उतारावर तोल सांभाळायचा, पलीकडे फूटभर खाली उतरायचे आणि दहा पावलांवर तेच पुन्हा करायचे. नाहीतर सरळ रस्त्याच्या मधून, हॉर्न ऐकत आणि दुचाकीवाल्यांची बोलणी खात चालायचे. आई रस्त्याच्या मधून चालते.

गेल्या वर्षी आमच्या शेजारचे बैठे कौलारू घर पाडून तेथे पाच मजल्यांची इमारत उभी राहिली. नव्या इमारतींना माझा विरोध नाही, हे आधीच लिहून ठेवतो, कारण असा विषय काढला की ‘तुम्हाला विकासच नको’ हे उत्तर समोरच्याच्या ओठावर तयार असते. १९७२ साली कोल्हापूरची महानगरपालिका झाली, तेव्हापासून हद्दवाढीच्या नुसत्या चर्चा ऐकत आमची एक पिढी म्हातारी झाली. जमीन वाढणार नसेल तर शहर वरच चढणार, हे शाळकरी पोरालाही कळते. माझी तक्रार पाच मजल्यांविषयी नाही, ती त्यांच्या तळाच्या अडीच फुटांविषयी आहे.

राष्ट्रीय बांधकाम संहितेत इमारतीचे जोते, म्हणजे तळमजल्याच्या फरशीची पातळी, लगतच्या जमिनीपासून किमान ४५ सेंटीमीटर उंच असावे असे म्हटले आहे, पण झाकलेल्या पार्किंगला १५ सेंटीमीटर पुरतात. १५ सेंटीमीटर म्हणजे अर्धा फूट, जिन्याची एक पायरी. गाडीसाठी दहास एक, म्हणजे दहा मीटर लांबीला एक मीटर चढ, असा उतार धरला तर त्याला दीड मीटर लांबी लागते. समोर सोडलेल्या तीन मीटरच्या जागेत तो निवांत मावतो आणि उरलेल्या जागेत तुळशीवृंदावनसुद्धा बसते. आमच्या शेजाऱ्यांनी पार्किंग ७५ सेंटीमीटर उचलले. त्याच उताराला आता साडेसात मीटर लागतात आणि पदरी आहेत तीनच. मग काही भागवले उतार खडा करून आणि बाकीचे रस्त्यातून काढून. मी टेप लावून मोजले आहे: कंपाउंडच्या रेषेपासून रॅम्प १ मीटर ९० सेंटीमीटर बाहेर आला आहे. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पायी चालणाऱ्याला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी मिळायला हवी. म्हणजे आईच्या वाट्याची जेवढी जागा कागदावर होती तेवढी सगळी, वर दहा सेंटीमीटर व्याज लावून, एकट्या इमारतीने उचलली.

हा हिशेब अवघड नाही. चौथीच्या गणिताच्या पुस्तकातला आहे. ज्या दिवशी वास्तुविशारदाने नकाशावर पार्किंगची पातळी लिहिली, त्याच दिवशी रॅम्प हद्दीत मावणार नाही हे त्याला ठाऊक होते, कारण उतार आणि उंची या दोन आकड्यांतून लांबी आपोआप निघते. तरीही मला पाहायला मिळालेल्या नकाशात रॅम्प हद्दीच्या आत शहाण्यासारखा संपलेला होता, आणि इमारत उभी कापून दाखवणाऱ्या छेदाच्या आकृतीत रस्ता, अंगण व पार्किंग यांच्यामधून एक सपाट, निष्पाप रेघ गेलेली होती.

आणि येथेच खरी गोम आहे. उंची मोजायची ती ‘लगतच्या जमिनीपासून’. पण लगतची जमीन म्हणजे कोणती? प्लॉट हातात आला की पहिले काम होते ते मुरमाचे डंपर ओतण्याचे. दोन फूट भराव पडतो, रोलर फिरतो, आणि त्या भरावालाच लगतची जमीन म्हणायची रीत पडते. तिच्यापासून मोजले तर पार्किंग अगदी नियमात, अर्धा फूट! ज्याने मापायचे त्यानेच मापाचा तळ वर उचलून घेतला, तर कोणती नियमावली काय करणार? डिसेंबर २०२० मध्ये राज्याच्या बहुतेक भागाला लागू झालेली बांधकामाची एकत्रिकृत नियमावली चांगली जाडजूड आहे. किती बांधता येईल ते चटई क्षेत्र, त्यावरचे अधिमूल्य, इमारतीभोवती सोडायची सामासिक अंतरे, मोटारीच्या जागेचे अडीच बाय पाच मीटरचे माप, सगळ्याचा तिच्यात काथ्याकूट आहे. विकायच्या चौरस फुटांना भिडणारा आकडा प्रत्येकाला तोंडपाठ असतो. रस्त्याच्या मध्यरेषेची आजची पातळी नकाशावर लिहा आणि सगळ्या उंच्या तिच्यापासून मोजा, एवढे एक वाक्य कसोशीने पाळले गेले असते तर आमच्या गल्लीतल्या अकरापैकी एकही रॅम्प असा बाहेर आला नसता.

पार्किंग इतके उचलायचे कशासाठी, असे मी बांधकाम चालू असताना विचारले होते. तेथल्या सुपरवायझरने दिलेले कारण, मान्य करतो, अगदीच पोकळ नव्हते. “काका, रस्ता दरवेळी वर येतोय. आज खाली ठेवलं तर दहा वर्षांनी पार्किंगात पाणी शिरंल.” खरे आहे. जुना थर खरवडून न काढता त्याच्यावर नवा थर टाकायचा, ही आमच्याकडची डांबरीकरणाची पद्धत आहे. आमच्या आजोबांनी घर बांधले तेव्हा सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीत, चढायला तीन पायऱ्या होत्या, आता एकच उरली आहे. बाकीच्या दोन चोरीला गेलेल्या नाहीत, रस्त्याच्या पोटात आहेत. पण या दुखण्यावरचा उपाय रस्ता खरवडण्याचा आहे. तो कोणी करत नाही म्हणून प्रत्येक नव्या इमारतीने आदल्या इमारतीपेक्षा चार इंच वर बसायचे, आणि ज्यांची घरे पाडून व्हायची आहेत त्यांनी डबक्याच्या तळाशी राहायचे, ही कसली शर्यत? “मग आमच्या घरात पाणी आलं तर?” असे विचारले तेव्हा तो हसून म्हणाला, “पाणी उताराकडंच जाणार की काका. वर चढंल व्हय?”

मे महिन्यातल्या वळवाने त्याचे म्हणणे खरे करून दाखवले. रॅम्प ओतताना खालच्या गटारात सहा इंची पाइप टाकून वर काँक्रीट केले होते. पूर्वी तेथे फरशी उचलून गटार साफ करता येत असे. आता सफाई कामगाराने आत काठी खुपसायची म्हटली तरी फट नाही. पहिल्याच पावसात झाडाची पाने, दुधाच्या पिशव्या आणि बांधकामाचीच उरलेली वाळू त्या पाइपात जाऊन बसली. गटार तुंबले, रस्त्यावर आले, आणि दोन्ही बाजूंचे चढ पाहून समजूतदारपणे आमच्या सोप्यात शिरले. दिवाणाखालचे कपाट, खतावण्या, वडिलांच्या जुन्या पावत्या, सगळे भिजले. शेजारच्या पार्किंगमध्ये मात्र थेंब नव्हता. तेथे एक गृहस्थ फडक्याने गाडी पुसत उभे होते आणि ‘फार पाऊस झाला नाही का’ असे मलाच विचारत होते.

कोणी म्हणेल, कोल्हापुरात पूर येतो, इमारती उंच घ्याव्याच लागतात. पूर आम्हालाही ठाऊक आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी मागे टाकून ५५ फुटांच्याही वर मजल मारली होती. सुतारवाड्यात, दुधाळीत, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत पाणी शिरते, तेथे कोणी जोते उंच घेतले तर मी टाळ्या वाजवीन. पण आमची गल्ली नदीपासून लांब, चढावर आहे. आमच्या दारात आलेले पाणी पंचगंगेचे नव्हते, सहा इंची पाइपाचे होते. नदीच्या नावावर आपले काम खपवणे म्हणजे नाचता येईना अंगण वाकडे. आणि येथे तर अंगण स्वतःच वाकडे करून ठेवले आहे.

तक्रार घेऊन मी संबंधित कार्यालयात गेलो. तेथे नवीन ज्ञान झाले. इमारतीच्या टेबलावर सांगण्यात आले की रॅम्प हद्दीच्या बाहेर आहे, म्हणजे तो इमारतीचा भाग नाही, रस्त्याकडे चौकशी करा. रस्त्याच्या टेबलाने सांगितले की तो इमारतीच्या वापराचा आहे, म्हणजे बांधकामाचा विषय आहे. गटाराचे साहेब रजेवर होते. पंधरा पोती सिमेंट खाल्लेली ती वस्तू कोणाचीच नाही! शिवाय पाहणीच्या दिवशी ती तेथे नव्हतीच, असेही कळले. हे मात्र मला माझ्या डोळ्यांनी ठाऊक आहे: इमारत वापरायला परवानगी देणारे भोगवटा प्रमाणपत्र हातात येईपर्यंत दारात मातीचा तात्पुरता चढ होता, आणि ते मिळाल्यावर आठ दिवसांच्या आत, रविवारी, काँक्रीट ओतले गेले.

याच इमारतीत दिव्यांगांसाठी बारास एक उताराचा वेगळा रॅम्पही आहे. तो नकाशाप्रमाणे आहे, कठडाही आहे. तो चढून गेले की लिफ्टच्या दारापुढे एक पायरी लागते. तिच्यावर ग्रॅनाइट छान बसवला आहे.

काल संध्याकाळी आमच्या दुसऱ्या बाजूच्या प्लॉटवर मुरमाचे चार डंपर रिकामे झाले. रोलर उद्या येणार आहे, असे तेथल्या वॉचमनने सांगितले. मी रात्रीच ऑइलपेंटचा डबा काढला आणि त्या प्लॉटला लागून असलेल्या आमच्या भिंतीवर, रस्त्याच्या पातळीला धरून, एक लाल रेघ ओढली. तिच्याखाली तारीख लिहिली, शेजारी टेप धरून फोटो काढले. आईने सकाळी देवळाला निघताना ती रेघ पाहिली आणि विचारले, “हे काय रे?” मी म्हटले, “लगतची जमीन.” ती काठी सावरत रस्त्याच्या मधून चालू लागली.