‘वाचलेलं १० टक्के, केलेलं ९० टक्के’ : या पिरॅमिडवर विसंबू नका

शिक्षकांच्या ग्रुपवर आणि प्रशिक्षणांच्या स्लाइडवर एक रंगीत पिरॅमिड सतत फिरत असतो. वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २०, पाहिलेलं ३० आणि स्वतः केलेलं ९०. म्हणून व्याख्यान बंद करा, मुलांना कृती द्या. सक्रिय अध्ययन, म्हणजे मुलांनी नुसतं ऐकत न बसता स्वतः डोकं चालवत शिकणं, प्रत्येक वर्गात यावं, असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच हे चित्र खटकतं.

आधी आकडे. ते अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांच्या नावावर खपवले जातात. डेल यांनी १९४६ साली ‘अनुभवांचा शंकू’ (प्रत्यक्ष अनुभवापासून शब्दांपर्यंत शिकण्याच्या अनुभवांची मांडणी करणारं चित्र) मांडला हे खरं, पण त्यात टक्केवारी नव्हतीच. ती मागाहून चिकटवली गेली. आणि १० टक्के म्हणजे कशाचे? किती दिवसांनी मोजलेले?

पिरॅमिडमधून सुचवलं जाणारं ‘वाचन निष्क्रिय’ हेही चूक. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणारे. हातात कागद-पेनच होतं, पण डोकं कामाला लागलं होतं. तासभर तक्ता रंगवणाऱ्या गटाबद्दल असं म्हणता येईलच असं नाही.

राहिलं ‘व्याख्यान बंद करा’. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांची पद्धत बघा. थोडा वेळ समजावून सांगायचं, मग संकल्पनेवर एक बहुपर्यायी प्रश्न. प्रत्येकानं आधी एकट्यानं उत्तर नोंदवायचं, मग शेजाऱ्याला आपलं म्हणणं पटवायचं, पुन्हा उत्तर द्यायचं आणि शेवटी शिक्षकानं उलगडा करायचा. एकट्यानं ठरवण्याची पायरी गाळली, की हुशार मुलगा बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात. ऑनलाइन तासाला हेच चॅटमध्ये जमतं : सगळ्यांनी उत्तर टाइप करून थांबायचं, सांगितल्यावरच एकदम पाठवायचं. कुणाचं बघून लिहायची सोयच उरत नाही.

‘कृती दिली की मुलं आपोआप खूश’ हाही भ्रम. हार्वर्डमधल्याच २०१९ च्या अभ्यासात सक्रिय तासाला बसलेल्यांना आपण कमी शिकलो असं वाटलं, चाचणीत गुण मात्र त्यांनाच जास्त मिळाले. तेव्हा पहिल्याच तासाला मुलांना हे सांगून टाकावं.

पुरावाच हवा असेल, तर फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवी वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले आहेत. केवळ व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचं प्रमाण सुमारे ३४ टक्के, सक्रिय वर्गांत २२. स्लाइडवर हे आकडे टाका.