डिझेल न्यायला डिझेल

काल सोसायटीच्या मीटिंगमध्ये जनरेटरवरून पाऊण तास भांडण. मुंबईत लाईट जाते ती किती, पण लिफ्टसाठी ठेवायला लागतो, दर रविवारी वॉचमन दहा मिनिटं चालवून बघतो आणि तळमजल्यावरच्या काकू धूर येतो म्हणून धाडधाड खिडक्या लावून घेतात. कोणीतरी म्हणालं, सोलर लावा, विषय संपवा. मला उगाच मैत्री आठवलं.

मैत्री म्हणजे आपलं अंटार्क्टिकातलं स्टेशन, १९८९ पासूनचं. तिथे वीज आणि ऊब दोन्हीसाठी मुख्यतः इंधनच जाळायचं. आणि ते काय नाक्यावरच्या पंपावरून कॅनमध्ये आणता येत नाही! जहाज बर्फाच्या कडेला लागणार, मग तिथून जवळपास १०० किलोमीटर इंधन स्लेजवर (बर्फावरच्या घसरगाडीवर) लादून रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणाऱ्या गाड्यांनी ओढत न्यायचं, त्या गाड्या पुन्हा डिझेलवरच. सांडलं तर वेगळीच कथा, १९८९ सालीच अर्जेंटिनाचं बाहिया पराइसो जहाज अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याजवळ खडकावर आपटून बुडालं आणि लाखो लिटर इंधन समुद्रात गेलं.

सोलरचं म्हणाल तर हिवाळ्यात मैत्रीला दोनेक महिने सूर्यच उगवत नाही, पॅनेलवर काय कुरडया वाळवायच्या? वारा मात्र बक्कळ. ऑस्ट्रेलियाच्या मॉसन स्टेशनवर २००३ पासून पवनचक्क्या, डिझेल वाचलं, पण २०१७ मध्ये त्यातल्या एकीचं डोकंच निखळून खाली पडलं. बेल्जियमचं प्रिन्सेस एलिझाबेथ स्टेशन २००९ पासून वारा आणि उन्हावर चालतं, सगळे त्याचे फोटो टाकतात, पण तिथे माणसं राहतात ती मुख्यतः उन्हाळ्यात, हे कोणी लिहीत नाही. मला त्यातलं आवडतं ते वेगळंच. भिंती एवढ्या जाड नि बंदिस्त की वेगळे हीटर जवळजवळ लागतच नाहीत, आणि वीज कमी असली की कुठल्या यंत्राला आधी द्यायची ते तिथली सिस्टीमच ठरवते, वाटेल तेव्हा वॉशिंग मशीन लावलं असं चालत नाही.

अंटार्क्टिकातल्याच आपल्या २०१२ च्या भारती स्टेशनवरही जनरेटरची वाया जाणारी उष्णता इमारत गरम ठेवायला वापरतात. हे मला पवनचक्कीपेक्षा भारी वाटतं. आता मैत्रीच्या जागी मैत्री-२ बांधायचं चाललंय, तर त्याच्या भिंती कशा असणार ते आधी सांगा, पवनचक्कीसोबतचे सेल्फी नंतर.

हे सगळं मी मीटिंगमध्ये बोलायला लागलो तर सेक्रेटरी म्हणाले, "अहो, ते अंटार्क्टिका राहू द्या, आधी जिन्यातले दिवसाढवळ्या जळणारे दिवे कोण बंद करणार ते ठरवा."

अहो, मी तेच तर सांगत होतो!