‘ड्रॉबॅक’वरच्या प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, ‘ड्रॉबॅक’ (उणी बाजू) या इंग्रजी शब्दावर मी विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुम्ही लिहिता, ‘डिसॲडव्हान्टेज एवढा एक शब्द पुरे. खेड्यातल्या पोरांपुढे ड्रॉबॅक मिरवणं म्हणजे नुसता रुबाब.’ मतभेद असू द्या, पण माणूस माहीत नसताना त्याला ‘रुबाब’ चिकटवणं बरं नव्हे.

मी रावेर तालुक्यातला, मराठी शाळेत शिकलेला. पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. आम्हाला एबीसीडी पाचवीत भेटली. पुढे एका नोकरीच्या मुलाखतीत ठिबकचे ‘ड्रॉबॅक्स’ विचारले. घरी केळीला ठिबकच होतं. क्षारानं ड्रिपर चोक होतात, नळीत ॲसिड सोडावं लागतं, उंदीर लॅटरल (ओळीतल्या बारीक नळ्या) कुरतडतात, हे सगळं मला पाठ होतं. अडलो फक्त त्या शब्दाशी, आणि गप्प बसून बाहेर आलो. माझ्या विद्यार्थ्यांवर ती वेळ येऊ नये म्हणून लिहितो. यात रुबाब कुठे दिसला?

आणि एक शब्द पुरत नाही. ड्रॉबॅक म्हणजे एरवी चांगल्या असलेल्या गोष्टीतली उणी बाजू: ‘द मेन ड्रॉबॅक ऑफ ड्रिप इज क्लॉगिंग.’ इथे डिसॲडव्हान्टेजही चालेल. पण मुलाखतीत शहरातल्या पोरांपुढे आपला पोरगा मागे पडतो, तेव्हा तो ‘ॲट अ डिसॲडव्हान्टेज’ असतो. ‘ॲट अ ड्रॉबॅक’ कुणी म्हणत नाही. शिवाय ‘ड्रॉ बॅक’ असं तोडून लिहिलं की ते क्रियापद होतं, मागे सरकणं. पोरं पेपरात नेमकी इथेच घसरतात.

लेखातली उदाहरणं सगळी केळीचीच झाली, हे तुमचं म्हणणं मान्य. पुढच्या वेळी कापूसही घेईन. उच्चार आणि लेखाची लांबी यांबद्दल जे लिहिलंय, त्यात उत्तर देण्यासारखं काही नाही.

तुम्ही स्वतः निर्यातीच्या कामात आहात असं लिहिलंय, म्हणून आणखी एक. कस्टम्स ॲक्ट, १९६२ मधलं ‘ड्रॉबॅक’ म्हणजे तोटा नव्हेच. निर्यात मालासाठी वापरलेल्या आयात वस्तूंवर आधी भरलेला कर परत मिळणं. एकच शब्द मुलाखतीत उणीव सांगतो आणि तुमच्या कागदावर परतावा. तो कागद उद्या माझ्याच वर्गातला एखादा पोरगा भरणार आहे. त्याला हा शब्द नको म्हणण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? मुद्दा असेल तर जरूर लिहा, उत्तर देईन. टोमणे मात्र इथे नकोत.