पोरांना हवामान शिकवा, पण बेताने

नाना, तुम्ही संस्थेचे अध्यक्ष, म्हणून सांगतो. जगभर सध्या पोरांना हवामानबदल शिकवायचं खूळ आहे. 2015 च्या पॅरिस करारात त्यासाठी अख्खं बारावं कलम आहे. आपल्या सुप्रीम कोर्टाने तर 1991 मध्येच पर्यावरण सक्तीचं केलं. तेव्हा शिकवावं तर लागणारच. फक्त पोरांना काही कळणार नाही एवढी काळजी घ्यायची.

सुरुवात 5 जूनला, पर्यावरण दिनी करा. शाळेला सुट्टी असते, पाऊस अजून लांब असतो, जमीन तापलेली असते. रोप लावायला याहून चांगला मुहूर्त नाही. खड्डा मात्र जुनाच वापरा. एखादं पोरगं म्हणेल, "सर, गुदस्ता बी आठेच लावं व्हतं ना?" (मागच्या वर्षीपण इथेच लावलं होतं ना?) त्याला फोटोत मागच्या रांगेत उभं करा.

वर्गात हिमनग आणि ध्रुवीय अस्वल यावर भर द्या. अस्वल लांबचं आहे, त्याचे वडील पालकसभेला येत नाहीत. केळीचा विषय मात्र काढूच नका. जळगावच्या केळीपट्ट्यातलं, रावेर-यावलकडचं आठवीचं पोरगं हवामानात तुमच्या विज्ञानाच्या सरांना हार जाणार नाही. थंडीत केळीवर चरका (थंडीचा फटका) येतो, मे महिन्यात गरम वाऱ्याने पानं फाटतात, घड सटकतात, हे त्याने बांधावर पाहिलेलं असतं. फळपीक विम्यासाठी पारा ठरलेल्या अंशावर सलग किती दिवस टिकला, आपल्या महसूल मंडळाच्या केंद्राने किती नोंदवला, यावर घरी जेवताना भांडणं होतात. उद्या त्याने शाळेत दहा वर्षांच्या नोंदी मागितल्या, आलेख काढला, वर तो तलाठ्याला दाखवायला निघाला, तर निस्तरणार कोण? त्यापेक्षा 'झाडे लावा' वर चित्रकला स्पर्धा बरी. पृथ्वीला डोळे काढायचे, त्यातून दोन थेंब पाणी, पहिला नंबर.

सहलीचंही तेच. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याला चुकूनही नेऊ नका. तिथल्या आदिवासींनी नियम करून, तोडणाऱ्याला दंड लावून उजाड जंगल परत उभं केलं, विहिरींना पाणी आलं. पोरं तेवढं पाहून थांबणार नाहीत, आपल्या गावाचे नियम कोण करतं असं विचारतील. या कामाचे म्होरके चैत्राम पवार यांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली, ही माहिती एका मार्काच्या प्रश्नापुरती ठेवा. सहल वॉटर पार्कला काढा. भर उन्हाळ्यात पाणी पाहून पोरंही खूश.

अकरावी-बारावीच्या पर्यावरण विषयाची चिंता नको. प्रकल्प वही दुकानात तयार मिळते, मुखपृष्ठावरचं नाव तेवढं बदलायचं. (आमच्या ओळखीच्या एका पोराने ते बदललं नव्हतं, तरी मार्क पूर्ण मिळाले.)

ग्रेटा थुनबर्गचं विचारलं तर सांगा, 2018 मध्ये ती पंधरा वर्षांची होती, हवामानासाठी शाळा बुडवून स्वीडनच्या संसदेबाहेर बसायची. तिची हजेरी किती भरली असेल? एवढ्याने बरीच पोरं गप्प होतात.

एखादं नाहीच होत. भुसावळचं पोरगं असेल तर हमखास विचारेल: सर, दीपनगरच्या वीज केंद्रात कोळसा जळतो, तो धूर कोणत्या धड्यात आहे? चिडू नका. त्याला वक्तृत्व स्पर्धेत उभं करा. विषय तुम्ही द्या, भाषण तुम्हीच लिहून द्या, आणि तो कागद सोडून बोलायला लागला की घंटा वाजवा.