राजदूत बिचारे काय करणार
१९३७ च्या जुलैतल्या अमेरिकन वकिलातीच्या तारांवरचा लेख आवडला, पण चीन-जपान युद्ध भडकणार याचा राजदूतांना अंदाजच आला नाही हे त्यातलं म्हणणं काय पटलं नाही बुवा. ११ जुलैचंच बघा ना, तिकडे चीनमध्ये पेकिंगकडे दोन्ही बाजूंचे लोकल अधिकारी समझोत्यावर सह्या करतायत आणि त्याच दिवशी टोकियोत जपानी पंतप्रधान कोनोएंचं सरकार चीनमध्ये जादा फौज पाठवायचं जाहीर करतंय, मग टोकियोतल्या अमेरिकन राजदूत ग्रू साहेबांनी वॉशिंग्टनला कळवायचं तरी काय?? आणि २६ ऑगस्टला तर चीनमधला ब्रिटिश राजदूतच नानकिंगहून शांघायला जाताना जपानी विमानाच्या गोळीबारात जखमी झाला, गाडीवर युनियन जॅक असून! लंडनने काय केलं, तर निषेधाचा खलिता धाडला. झालं. त्या प्रकरणावर एक सेपरेट लेख येऊ द्या की.